एकशेवीस चमचे

मीठ-साखरेच्या पाण्यात सुधारणा करायला आणखी काय उरलं असेल? जुलाबाने दाखल झालेल्या लहान मुलांवर अमिनो आम्लं घातलेल्या ओआरएसची चाचणी सुरू आहे, असं ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा हाच प्रश्न मनात आला, आणि रीतसर परवानगी काढून मी त्या वॉर्डात गेले. चाचणी अजून संपलेली नाही, म्हणून रुग्णालयाचं आणि मिश्रणाचं नाव इथे देत नाही.

दिवस थंडीचे होते. रोटाव्हायरसचा जोर याच दिवसांत असतो. दारातच एक आंबूस, उग्र वास नाकात शिरतो आणि फिनाइलला दाद देत नाही. "हा वास आला की रिपोर्टची वाट बघायला नको," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या. रिपोर्ट अर्थातच होतो. चाचणीत नुसत्या वासावर कुणाचं नाव चढत नाही.

मुलाचं वजन होतं, टाळू आणि डोळे पाहिले जातात, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली जाते. संमतीपत्र वाचून दाखवलं जातं. मग क्रमांक घातलेला लिफाफा उघडतो आणि दोनांपैकी एका प्रकारची पुडी मुलाच्या वाट्याला येते. दोन्ही पुड्या दिसायला सारख्याच. कुठलीत काय आहे हे आईला कळत नाही, डॉक्टरांनाही नाही.

मी थांबले ती मात्र कोपऱ्यातल्या टेबलापाशी. तिथे वजनकाटा घेऊन एक सिस्टर बसल्या होत्या. कोरडा लंगोट आधी तोलायचा, त्यावर चिठ्ठी लावायची. भरला की पुन्हा तोलायचा, वजाबाकी करायची, वेळ टाकून लिहायचं. रात्री तीन वाजताही हेच. हातमोजे बदलायचे आणि पुढचा लंगोट घ्यायचा. मुलाचे जुलाब किती ग्रॅमने कमी झाले, हे या चाचणीतलं मुख्य उत्तर. पुढे जो काही आलेख छापला जाईल, त्यातला एकेक ठिपका या बाईंनी नाक न मुरडता तोललेला असेल.

मधेच त्या उठून एका आईजवळ गेल्या. "हे बघ, बाळ आठ किलोचं. चार तासांत सहाशे मिली जायला हवं. चमचा पाच मिलीचा, म्हणजे एकशेवीस चमचे. दर दोन मिनिटांनी एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग परत सुरू कर, जरा सावकाश." सोबतच्या आजी म्हणाल्या, "त्यापेक्षा सलाईन लावा ना." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आजी, बाळ पितंय. पिणाऱ्या बाळाला सुई कशाला टोचायची?"

एकशेवीस चमचे. पुडी कुठलीही असो, एकशेवीस चमचे आईनेच द्यायचे.

अमिनो आम्लांची कल्पना साधार आहे. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांवर हल्ला करतो आणि त्यांच्या टोकाच्या पेशी मारतो. अन्नातली साखर, विशेषतः दुधातली, पचेनाशी होते, आणि न शोषलेली साखर पाणी आतड्यात ओढून घेते. ओआरएसचं सगळं काम ग्लुकोज आणि सोडियम पेशीत एकत्र शिरतात यावर चालतं. ग्लायसीन, अ‍ॅलॅनिन यांसारखी अमिनो आम्लं सोडियमला आत नेतात ती वेगळ्या वाटेने. एक वाट कमजोर झाली तर दुसरीने पाणी आत जाईल, असा हा विचार.

पण तो आजचा नाही. 1970 मध्येच ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर ग्लुकोजबरोबर ग्लायसीन वापरून पाहिलं गेलं होतं. 1980च्या दशकात मुलांवर अशा अनेक चाचण्या झाल्या. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्या सगळ्यांचा आढावा आला. लिहिणाऱ्यांत दिल्लीच्या एम्सचे डॉ. महाराज किशन भान होते, आणि 1971च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवणारे डॉ. दिलीप महालनबीस होते. ग्लायसीनमुळे मुलांना साध्या ओआरएसपेक्षा जास्त गुण आला नाही. अ‍ॅलॅनिनने पटकीत जुलाब घटले, इतर अतिसारात नाही. ओआरएस सुधारलं ते दुसऱ्याच दिशेने: मीठ आणि साखर दोन्ही कमी केली गेली. लिटरमागे 20 ग्रॅम असलेलं ग्लुकोज 13.5 ग्रॅमवर आलं, आणि 2002 पासून हेच सौम्य मिश्रण जगभर शिफारशीत आहे. म्हणजे त्या वेळी मुलांच्या कामी आलं ते कमी करणं, वाढवणं नव्हे. हे ध्यानात ठेवूनच नव्या मिश्रणाकडे पाहायला हवं. त्याचा मुकाबला आता जुन्या ओआरएसशी नाही, या सुधारलेल्या ओआरएसशी आहे.

एक गोष्ट मला खटकली. अशा अनेक चाचण्यांत आजवर फक्त मुलगे घेतले गेले, कारण मुलग्यांना पिशवी लावून लघवी वेगळी धरता येते आणि लंगोटाचं वजन चोख मिळतं. मोजमापाची अडचण खरीच आहे. पण औषध मुलींनाही द्यायचं असतं. त्यांना वगळून मिळालेल्या उत्तराला मी अर्धं उत्तर म्हणेन.

संमती मागणाऱ्या तरुण डॉक्टरला एका आईने विचारलं, "दोन्हीतलं चांगलं कुठलं?" तो म्हणाला, "ताई, ते माहीत असतं तर चाचणी केलीच नसती. दोन्हींत ओआरएस आहेच. नाही म्हणालात तरी उपचार तेच आणि तसेच." संमती अशीच मागायला हवी. रात्रभर जागलेल्या आईला दहा पानी कागदातलं एवढंच नीट समजलं तरी पुष्कळ आहे.

या चाचणीतून 'फरक पडत नाही' असं उत्तर आलं तरी ते छापलं गेलं पाहिजे, कारण 1994चा आढावा अशाच उत्तरांवर उभा होता आणि त्याने गरीब देशांना महागड्या पुड्यांपासून वाचवलं. त्याच डॉ. भानांनी पुढे एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या 116ई या विषाणूपासून रोटाव्हॅक लस उभी केली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्यात झाली, 6,799 बाळांवर. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसार तिने निम्म्याहून अधिक रोखला. आज रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मोफत मिळते.

अमिनो आम्लांचं काय ते ठरेल. तोवर घरात बाळ असेल तर हे तीन डोस चुकवू नका. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यात कालवा, अंगावरचं दूध चालू ठेवा, डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या करा. बाळ पेंगुळलं, पिईनासं झालं किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि आईचा हात दुखायला लागला की चमचा बाबांनी, आजोबांनी, मावशीने, घरात जो असेल त्याने हातात घ्यावा. एकशेवीस चमचे एकटीने देण्याचं काही कारण नाही.