विम्याचा कागद कपाटात नको, भिंतीवर हवा



पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळची लेणी दाखवायला नेतो. तिथे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी उभी असते. हे स्मारक संरक्षित आहे, नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दगडाला कोणाचे संरक्षण आहे हे पाटी लावून सांगतात; मग गव्हाणीवर, वजनकाट्यावर आणि उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाला काय संरक्षण आहे, हे त्याला कोणी सांगायचे? या अंकात आम्ही तेवढाच विषय घेतला आहे.

काम करताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ सालापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

यावर कोणी म्हणेल, "त्यासाठी ईएसआय आहे की!" गफलत होते ती इथेच. ईएसआयच्या योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत चहा-कॉफीच्या बरोबरीने साखर व गूळ यांचे नाव लिहिलेले आहे. म्हणजे निव्वळ साखर करणाऱ्या कारखान्यात भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो. आणि सहकारी कारखान्याचा मालक कोण? तुम्ही-आम्हीच!

बोजा केवढा, तेही पाहू. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षे वयासाठी हा आकडा २०७.९८ आहे. समजा, तीस वर्षांच्या गड्याला महिना १२,००० रुपये मिळत होते. त्याचे निम्मे ६,००० आणि भरपाई १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. देणे झाल्यावर महिन्याच्या आत दिले नाही तर वर्षाला बारा टक्के व्याज वेगळे. गडी मुकादमाने किंवा कंत्राटदाराने आणला म्हणून हात झटकता येत नाहीत. काम आपल्या धंद्याचा भाग असेल तर भरपाई आधी मुख्य मालकाकडे मागता येते. मालकाने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी.

भरपाई देणे सक्तीचे आहे, पण या कलमांखाली विमा उतरवलाच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली तसा कायदा झाला आणि १ जानेवारी १९७२ पासून लागू झाला. तिथे मालकाने विमा उतरवायचा, एवढेच नव्हे तर त्याचे प्रमाणपत्र कामगारांना सहज वाचता येईल अशा जागी लावायचे. २००८ पासून संगणकावर दाखवले तरी चालते, मात्र कामगाराला ते बघता आले पाहिजे. आपल्याकडे २०१७ साली १९२३ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. कामावर घेतानाच कामगाराला त्याचा भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवावा, अशी ती होती. दोन्हीकडचा विचार एकच. ज्याच्यासाठी कागद केला, त्याला तो ठाऊक पाहिजे.

भिंतीवर लावून असा काय फरक पडतो? आम्हाला दोन फायदे दिसतात. पहिला, मुदत. कपाटातल्या पॉलिसीची मुदत ऐन हंगामात, डिसेंबरअखेर संपली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. भिंतीवरची तारीख शंभर डोळे वाचतात. दुसरा, माणसे. विमा दहा जणांचा आणि कामावर पंचवीस, असे असले तर अपघातानंतर वाद उभा राहतो. संख्या भिंतीवर असली की कामगारच येऊन विचारतो, "साहेब, आमचं नाव हाय का यात?" हा प्रश्न अपघाताच्या आधी विचारला गेला, तरच त्याचा उपयोग.

म्हणून आमची सूचना अशी. गाळप सुरू होण्याआधी कारखान्याच्या फाटकाशी, गव्हाणीजवळ, वजनकाट्यावर आणि प्रत्येक गट कार्यालयात मराठीत एक पाटी लावावी. तिच्यावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, मुदत कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कामावरची किती माणसे आणि अपघात झाल्यास कोणाला कळवायचे, एवढे असावे. शेजारी प्रमाणपत्राची प्रत लावावी. तोडणी कामगारांच्या तळावर मात्र पाटीने भागणार नाही. पुष्कळांना वाचता येत नाही. तिथे कोप्यांपुढे उभे राहून मजकूर वाचून दाखवावा. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो, हेही सांगावे.

आता थोडे आपल्या घरचे. ट्रॅक्टरने होणारे शेतीकाम भरपाईच्या यादीत आहे. ट्रॅक्टरवर पगारी चालक ठेवला की आपणही मालक झालो. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ट्रॉलीत उसावर बसवलेल्या माणसाला इजा झाली तर विमा कंपनी "तो या पॉलिसीत नाही" म्हणू शकते, आणि मग जमिनीच्या तुकड्याकडे बघायची पाळी येते. तेव्हा घाट उतरणाऱ्या ट्रॉलीत माणूस बसवूच नये. आपल्या पॉलिसीत चालक आहे का, मदतनीस आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्यावे आणि त्याची प्रत चालकाच्या हाती द्यावी.

येत्या वार्षिक सभेत अहवाल चाळताना नफा-तोटा बघालच. त्याचबरोबर उठून एक प्रश्न जरूर विचारा : "विम्याचा कागद कुठे लावला आहे?" उत्तर "कपाटात आहे" असे आले, तर तो कागद भिंतीवर लागेपर्यंत खाली बसू नका.

हंगाम सर्वांना सुखरूप जावो. कळावे.