ऊन-सांवलीचा चष्मा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यानें पहाटे सायकल काढावयाची, कात्रजचा घाट चढून माथ्यावरील जुना बोगदा ओलांडावयाचा आणि ऊन फार तापण्यापूर्वीं घरीं परतावयाचें, हा पुण्यांतील पुष्कळ सायकलपटूंचा आवडता व्यायाम आहे. निघतांना उजेड अंधुक असतो. परततांना ऊन चांगलेंच चढलेलें असतें. आणि जातां-येतां बोगद्याचा काळोख आडवा येतो. एकाच फेरींत डोळ्यांना तीन निरनिराळ्या प्रकाशांतून जावें लागतें. साधा काळा चष्मा यांपैकीं एकाच्याच कामाचा. उरलेल्या दोहोंत तो अडचणच करतो. म्हणून उन्हांत आपोआप काळा होणारा आणि सांवलींत पुन्हां स्वच्छ होणारा चष्मा पाहिला कीं अशा माणसाचें मन त्याकडे ओढलें जावें, हें स्वाभाविकच आहे. परंतु हा पालट कशाच्या सांगण्यावरून होतो आणि त्याला किती वेळ लागतो, हें समजून न घेतां चष्मा विकत घेतला, तर ज्या क्षणीं दृष्टि सर्वांत निर्मळ हवी त्याच क्षणीं तो दगा देण्याचा संभव असतो.

प्रकाशानें रंग पालटणारे पदार्थ रसायनशास्त्राला नवे नाहींत. १८६७ सालीं फ्रिट्शे या शास्त्रज्ञाला असें आढळून आलें कीं, टेट्रासीन नांवाच्या पदार्थाचा नारिंगी द्राव दिवसाच्या उजेडांत फिका पडतो आणि अंधारांत ठेविला असतां आपला मूळ रंग पुन्हां धारण करतो. या गुणाला ‘फोटोक्रोमिझम’ हें नांव १९५० सालीं येहुदा हिर्शबर्ग यांनीं सुचविलें. चष्म्याला उपयोगी पडेल अशी कांच मात्र त्यानंतर तयार झाली. अमेरिकेंतील कॉर्निंग येथील कांच-कारखान्यांतले विल्यम आर्मिस्टेड आणि डोनल्ड स्टूकी यांनीं आपल्या संशोधनाचा वृत्तांत १९६४ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

त्यांच्या कांचेंतील युक्ति छायाचित्रकाराच्या परिचयाची आहे. छायाचित्राच्या फिल्मवर चांदीचे क्षार असतात. उजेड पडला कीं त्यांतून चांदीचे सूक्ष्म कण सुटे होऊन चित्र उमटूं लागतें. हेच क्षार, तांब्याच्या अल्पशा अंशासह, अतिशय बारीक स्फटिकांच्या रूपानें कांचेच्या अंगांत कोंडून ठेवले, तर उन्हांत सुटी झालेली चांदी कांचेला काळेपणा आणते. परंतु फिल्मवरचा पालट कायमचा असतो, तसा येथें नसतो. कांचेच्या कैदेंतून कोणताच घटक बाहेर जाऊं शकत नाहीं. त्यामुळें ऊन गेलें कीं सारे घटक पुन्हां एकत्र येतात आणि कांच स्वच्छ होते.

कांच जड असते आणि आघातानें फुटते. म्हणून खेळाच्या चष्म्यांत आतां सहसा प्लॅस्टिकचींच भिंगें असतात. रंग पालटणारीं प्लॅस्टिकचीं भिंगें १९९० नंतर बाजारांत चांगलीं रुळलीं. त्यांत चांदी नसते. तेथें विशिष्ट रंगद्रव्याचे रेणु काम करतात. एरवीं हे रेणु मिटलेले असतात आणि दृश्य प्रकाश त्यांतून निर्वेधपणें जातो. अतिनील किरण पडले कीं रेणूंतील एक बंध तुटतो, रेणु उलगडून पसरतो आणि मग दृश्य प्रकाश शोषूं लागतो. अतिनील किरण थांबल्यावर भोंवतालच्या उष्णतेनें तो पुन्हां मिटतो. लाजाळूच्या झाडाला बोट लावलें तर पानें तत्काळ मिटतात, पण उघडावयास मात्र तीं बराच वेळ घेतात. या भिंगाचा स्वभावही असाच आहे. काळें होण्यास त्याला वेळ लागत नाहीं. स्वच्छ होण्यास लागतो.

या एवढ्या रसायनशास्त्रांतून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात, आणि चष्म्याची निवड करतांना त्याच ध्यानांत ठेवावयाच्या असतात.

पहिली गोष्ट अशी कीं, हें भिंग डोळ्याला किती उजेड होतो यावर चालत नाहीं. तें अतिनील किरणांवर चालतें. मोटारीच्या पुढच्या कांचेंतून हे किरण फारसे आंत येत नाहींत. त्यामुळें सायकलवर उत्तम काम देणारा चष्मा मोटार चालवितांना, समोर लख्ख ऊन असूनही, जवळजवळ पांढराच राहतो. उलट विरळ ढगांच्या दिवशीं उजेड बेताचा वाटतो, पण अतिनील किरणांचा मोठा भाग ढगांतून खालीं येतच असतो. तेव्हां चष्मा गरजेपेक्षां अधिक काळा झालेला आढळतो. हा दोष कोणत्याही एका कारखान्याचा नव्हे. तो या रेणूंचा धर्मच आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. रेणु मिटवितें ती उष्णता. अर्थात् हवा जितकी तप्त तितके रेणु लवकर मिटतात आणि तितकें भिंग कमी काळें होतें. वैशाखांतील दुपारीं, जेव्हां काळेपणाची गरज सर्वांत अधिक, तेव्हां तें पुरतें काळें होत नाहीं. थंडींतल्या सकाळीं मात्र तेंच भिंग अधिक गडद होतें आणि स्वच्छ होण्यास अधिक वेळ घेतें. म्हणून या भिंगांची प्रयोगशाळेंतील परीक्षा ५, २३ आणि ३५ अंश सेल्सिअस अशा निरनिराळ्या तपमानांवर करण्याची पद्धति आहे.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि सायकलस्वाराच्या दृष्टीनें हीच सर्वांत महत्त्वाची होय. उन्हांत आल्यावर अर्ध्या-एक मिनिटांत भिंगाचा बहुतेक काळेपणा येतो. तो जावयास मात्र कांहीं मिनिटें लागतात. ताशीं १८ किलोमीटर ही सायकलची कांहीं मोठी गति नव्हे. तरीही त्या गतीनें स्वार सेकंदाला ५ मीटर आणि अर्ध्या मिनिटांत १५० मीटर पुढें जातो. कात्रजच्या बोगद्याच्या तोंडाशीं चष्मा पूर्ण काळा असेल, तर स्वार बाहेर पडेपर्यंत तो बराचसा काळाच राहणार. त्यांत डोळ्यांचीही भर पडते. उन्हांत आकुंचित झालेली बाहुली कांहीं क्षणांत विस्तारते, पण दृष्टिपटलाला काळोखाची पुरती संवय होण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. डोळा मंद, चष्माही मंद, आणि मागून मालमोटार येत असलेली. अशा वेळीं रस्त्यांतला खड्डा दिसणें न दिसणें यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

येथेंच निवडीचें सूत्र सांपडतें. दुकानांत जाणारा गिऱ्हाईक बहुधा विचारतो, “हा चष्मा उन्हांत किती काळा होतो?” त्यानें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: “हा सावलींत किती स्वच्छ होतो, आणि किती वेळांत?” चष्मा आपल्या वाटेवरील सर्वांत प्रखर जागेसाठीं निवडावयाचा नसून सर्वांत काळोख्या जागेसाठीं निवडावयाचा असतो. ऊन अधिक वाटलें तर टोपीची झांपड पुढें ओढतां येते, डोळे किंचित् मिटतां येतात. पण जो प्रकाश भिंगानें वाटेंतच अडविला, तो परत मिळविण्याचा कोणताही उपाय स्वारापाशीं नसतो.

या कामीं चष्म्यावर छापलेला श्रेणीचा आंकडा उपयोगी पडतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणें उन्हाच्या चष्म्यांच्या ० ते ४ अशा पांच श्रेणी आहेत. शून्य श्रेणींतील भिंगांतून शेंकडा ८० हून अधिक प्रकाश पार जातो. पहिलींत ४३ ते ८०, दुसरींत १८ ते ४३, तिसरींत ८ ते १८, आणि चौथींत केवळ ३ ते ८. चौथी श्रेणि बर्फाच्छादित शिखरांसाठीं असून ती लावून वाहन चालविणें वर्ज्य मानलें आहे. रंग पालटणाऱ्या चष्म्यावर एकच आंकडा न देतां ‘० ते ३’ किंवा ‘१ ते ३’ असा पल्ला देतात. पहाटे निघणाऱ्या, दाट झाडींतून अथवा बोगद्यांतून जाणाऱ्या स्वारानें शून्यापासून सुरू होणारा पल्लाच घ्यावा. ‘१ ते ३’ या पल्ल्याचें भिंग पूर्ण स्वच्छ असतांनाही कदाचित् निम्माच प्रकाश आंत सोडील. सूर्योदयापूर्वीं तेवढा पुरत नाहीं. ज्याच्या वाटेवर ऊन आणि काळोख यांची अदलाबदल क्षणोक्षणीं होते, त्याला तर रंग पालटणाऱ्या भिंगाचा लाभ जवळजवळ नाहींच. त्याला फिक्या, कायम रंगाचें भिंग अधिक सोयीचें. आणि बोगदा समोर दिसत असेल, तर त्याच्या तोंडापूर्वींच सायकल बाजूला घेऊन चष्मा काढून ठेवावा, हा उपाय सर्व भिंगांना सारखाच लागू आहे.

काळेपणा आणि संरक्षण या दोन भिन्न वस्तु आहेत, हेंही येथें सांगितलें पाहिजे. अतिनील किरण अडविण्याचा गुण रंगावर अवलंबून नसतो. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचें भिंग पांढरें असलें तरी बहुतेक सारे अतिनील किरण अडवितें. उलट रस्त्यावर मिळणारा एकादा स्वस्त चष्मा नुसताच काळा असेल, तर त्यामागें बाहुली विस्तारते आणि उघड्या डोळ्यापेक्षां अधिक अतिनील किरण आंत शिरूं शकतात. या किरणांचा वर्षानुवर्षांचा मारा मोतीबिंदूला हातभार लावतो. म्हणून ‘४०० नॅनोमीटरपर्यंत संरक्षण’ असा निर्देश चष्म्यावर आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें व रंगाचा विचार मागाहून करावा. रंगही करडा किंवा तपकिरी असावा, म्हणजे रहदारीचे तांबडे-हिरवे दिवे ओळखण्यांत घोटाळा होत नाहीं.

सायकलस्वाराच्या डोळ्याला उन्हाइतकाच वारा, धूळ आणि चिलटें यांचा उपद्रव असतो. त्यासाठीं भिंगें कपाळाच्या वळणाशीं जुळणारीं व बाजूंनीं वळलेलीं असावीं. मात्र चढावर घामाची वाफ भिंगावर धरूं नये इतकी फट वरून किंवा बाजूनें राहिली पाहिजे. पडल्यावर तुकडे डोळ्यांत जाणार नाहींत असें पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स हेंच द्रव्य घ्यावें. खेळाच्या मैदानावर कांचेला स्थान नाहीं. हेल्मेट घालून चष्मा लावून पाहावा, आणि मान खालीं घालून तो घसरतो कीं काय हेंही पाहावें.

खेळ बदलला कीं हिशेबही थोडा बदलतो. क्रिकेटच्या मैदानावर प्रकाश सावकाश पालटतो, तेथें या भिंगाची मंदता बाधत नाहीं. सह्याद्रींतील किल्ले चढणाऱ्याला रानाची सावली आणि उघडा कडा हीं आळीपाळीनें भेटतात. पण चालण्याची गति कमी असल्यानें भिंगाला अवसर मिळतो, आणि पायी चालणाऱ्याला हा चष्मा उत्तम मानवतो. हिमालयांत मात्र सावध असावें. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण शेंकडा १० ते १२ नीं वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परत फेंकतो. तेथें तिसऱ्या श्रेणीपर्यंतच जाणारें भिंग अपुरें ठरतें, आणि थंडीमुळें तंबूंत शिरल्यावर तें बराच वेळ काळेंच राहतें.

शेवटीं खरेदीची परीक्षा. दुकानांत लहानशा अतिनील दिव्याखालीं भिंग धरून तें क्षणांत काळें करून दाखवितात. तो प्रयोग खरा असला तरी वातानुकूलित, थंड दुकानांतला असतो. रस्त्यावरच्या उष्ण हवेंत तितका काळेपणा येईलच असें नाहीं. गिऱ्हाइकानें भिंगाच्या अर्ध्या भागावर कागदाची पट्टी धरून तें दुकानाबाहेर मिनिटभर उन्हांत ठेवावें. पट्टी काढल्यावर दोन्ही भागांमधील सीमारेषा स्पष्ट दिसेल. मग आंत येऊन घड्याळ समोर धरावें आणि ती रेषा पुसट होण्यास किती वेळ लागतो तें मोजावें. हा प्रयोग व्हरांड्यांत करूं नये. तेथें ऊन नसलें तरी आकाशाकडून अतिनील किरण येतच असतात. दोन-तीन निरनिराळ्या चष्म्यांवर हीच परीक्षा केली, म्हणजे किंमतीच्या चिठ्ठीवरून न कळणारा फरक घड्याळावरून कळतो. चष्मा घेतल्यावरही वर्षातून एकदां ती पुन्हां करावी; कारण प्लॅस्टिकमधील हे रेणु कांहीं वर्षांच्या उन्हानें थकतात, पूर्वींइतके उघडत नाहींत, आणि तें इतक्या हळूहळू घडतें कीं रोज चष्मा लावणाऱ्याच्या तें लक्षांतही येत नाहीं.

पहाटे कात्रजच्या वाटेला लागणाऱ्या स्वारानें दुकानांत घालविलेलीं हीं दहा मिनिटें वायां जात नाहींत. घाटमाथ्यावर बोगद्याचें तोंड दिसूं लागेल तेव्हां आपला चष्मा किती वेळांत निवळतो हें त्याला ठाऊक असेल, आणि तो तसाच ठेवावयाचा कीं उतरवून खिशांत टाकावयाचा, याचा निर्णय तो काळोखांत शिरण्यापूर्वींच, उजेडांत, करूं शकेल.