जोगणीची वाटी आणि वाटेगावचा वाघ

गूढ आणि थरार हवा असेल तर अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी वाचाच!

यात भूत नाही, पण सुरुवातीपासून दैवी शक्तीवरच्या श्रद्धेचा दरारा आहे. जोगणी ही दैवी शक्ती ज्या गावात, तिथे बरकत, हा लोकांचा ठाम विश्वास. म्हणून वाटेगावचा राणोजी शिगावच्या जत्रेत घुसतो, जोगणीची वाटी घेऊन आपल्या गावच्या शिवेकडे धावतो. मागे तलवारी! जोगणी गावाला मिळते, राणोजी जिवाला मुकतो. त्याची शेवटची झुंज वाचताना श्वास अडकतो.

त्याचा मुलगा फकिरा. हातात तलवार, पण काळीज मायेचं. दुष्काळात माणसं उपाशी मरू लागतात, तेव्हा तो धान्य लुटून भुकेल्यांच्या घरी पोचवतो. इंग्रज सरकार त्याच्या लोकांना ओलीस धरतं, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतः हजर होतो.

अण्णाभाऊ १९२० साली याच वाटेगावात जन्मले. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. फकिराही खराखुरा माणूस होता.

कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अर्पणपत्रिका बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला आहे, तर प्रस्तावना सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची. तीही जरूर वाचा.