हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ : सिद्धेश्वर–मुंबई प्रवासाच्या संदर्भात

मराठीत 'अंतर' हा शब्द स्थळ व काळ या दोहोंस लागू होतो. दोन गावांत अंतर असते, तसे दोन घटनांतही असते. जुन्या व्यवहारात तर स्थळाचे माप पुष्कळदा काळानेच सांगितले जाई. 'मजल' हा शब्द मूळ अरबीत उतरण्याच्या ठिकाणाचा वाचक. मराठीत त्यास एका दिवसात चालावयाच्या वाटेचा अर्थ प्राप्त झाला. माणसाची व बैलांची चाल बहुधा ठरलेली असल्याने दिवस सांगितले म्हणजे वाट सांगितली जाई. विमानप्रवासात हे समीकरण टिकत नाही, आणि शब्द मात्र जुनाच राहतो.

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्तखंडाची लांबी होय. मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ व नांदेडचा विमानतळ हे दोन्ही १९ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे ४.४५ अंशांचा फरक असून या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. यावरून हे अंतर सुमारे ४६८ किलोमीटर येते. जाताना व येताना ते एकच.

काळाचे तसे नाही. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. ताशी ७०० किलोमीटर वेगाच्या विमानास निवांत हवेत या अंतरासाठी ४० मिनिटे लागतील. पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटरचा वारा असल्यास नांदेडकडे ३५ मिनिटे, तर मुंबईकडे ४७ मिनिटे लागतील. दोहोंची बेरीज ८० नव्हे, ८२ होते. म्हणजे वाऱ्याचा लाभ व तोटा परस्परांत फिटत नाहीत. वेळापत्रकातील काळ याहूनही मोठा असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतचे चालणे, चढणे, उतरणे व थांब्यावर येणे यांचा समावेश होतो.

आता हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर घेऊ. पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेले हे गाव नांदेडच्या वायव्येस आहे. तेथून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४३० किलोमीटर. परंतु नांदेडमार्गे विमानाने जाणाऱ्यास प्रथम सुमारे ६० किलोमीटर उलट दिशेस जावे लागते. रस्त्याने हे अंतर अधिकच भरते. ताशी ४० किलोमीटरच्या गतीनेही त्यास दीड तासाहून अधिक काळ लागेल, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाच्या दुपटीहून जास्त.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. २०१६ च्या 'उडान' धोरणात सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे एका तासाच्या, विमानप्रवासासाठी सवलतीच्या आसनाचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित केले होते. नांदेड–हैदराबाद विमानसेवा याच योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. तेथे तास व किलोमीटर ही एकमेकांची पर्यायी मापे मानली गेली. भाडे ठरविण्यास ती सोय पुरेशी आहे; एखादे गाव शहराच्या किती जवळ आले, हे ठरविण्यास ती पुरेशी नाही. त्यासाठी विमानतळापासून विमानतळापर्यंतचे 'हवाई अंतर', त्यास लागणारा 'उड्डाणकाळ' आणि घरापासून मुक्कामापर्यंतचा 'प्रवासकाळ' या तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते. सिद्धेश्वरच्या प्रवाशाचा संबंध मुख्यतः तिसरीशी आहे, आणि जुन्या 'मजल' या शब्दाने तीच मोजली जात होती.