डेटोना १९५९ : डोळ्यांनी पाहिलेले आणि खरे

‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय’ असं कुणी म्हटलं की आपण वाद थांबवतो. प्रत्यक्ष हे सर्वांत बळकट प्रमाण, असं आपण धरून चालतो. आज ते एका मोटार शर्यतीवर तपासून पाहू.

२२ फेब्रुवारी १९५९, रविवार. अमेरिकेत फ्लोरिडातील डेटोना बीच येथे नव्या धावपट्टीवर पहिली ‘डेटोना ५००’ झाली. एक फेरी अडीच मैलांची. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी तिरपा, म्हणजे गाडीला भर वेगात वळता यावे. २०० फेऱ्या, ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. उतरलेल्या ५९ गाड्या ‘स्टॉक कार’ होत्या, म्हणजे गिऱ्हाइकांना विकल्या जाणाऱ्या मोटारींवरूनच तयार केलेल्या.

अखेरच्या रेषेवर ली पेटी यांची ओल्ड्समोबील आणि जॉनी बोशॅम्प यांची थंडरबर्ड जवळजवळ एकदमच आल्या. त्यात भर म्हणजे जो वेदरली यांची गाडी. ती फेरीने मागे होती, पण त्या क्षणी नेमकी या दोघांच्या बरोबरीने धावत होती. आयोजक बिल फ्रान्स यांनी बोशॅम्प यांना विजयी घोषित केले, मात्र हा निकाल ‘अनधिकृत’ आहे असे म्हणून. सत्कारही बोशॅम्प यांचाच झाला. पेटी म्हणाले, जिंकलो मी!

आता थोडा हिशेब करू. शर्यतीचा सरासरी वेग होता ताशी सुमारे २१८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर. दोन गाड्यांतले अंतर पुढे साधारण दोन फूट ठरले. एवढे अंतर कापायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट तरी वेळ लागतो. मग डोळ्यांना दोष कसा द्यायचा?

गौतमांच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाच्या व्याख्येतच ‘अव्यभिचारी’ ही अट घातली आहे. नुसते दिसणे पुरेसे नाही, ते वस्तूशी जुळले पाहिजे. ते जुळते की नाही, हे पुष्कळदा दुसऱ्या प्रमाणानेच कळते.

फ्रान्स यांनी छायाचित्रे आणि वृत्तपटाची फीत मागवली. पण एकटे छायाचित्रही फसवते. ते तिरप्या कोनातून किंवा रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे घेतलेले असले, तर मागची गाडी पुढे भासते. म्हणून अनेक चित्रे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. बुधवारी, २५ तारखेला, निकाल फिरला आणि पेटी विजेते ठरले.

शर्यत कुणी जिंकली, हे रविवारीच घडून गेले होते. आपल्याला ते कळायला मात्र तीन दिवस लागले. घडणे आणि कळणे यांतला हा फरक आपण रोजच्या व्यवहारात विसरतो, आणि कुणाला दोषी ठरवताना तर हमखास विसरतो. फ्रान्स यांच्या ‘अनधिकृत’ या एका शब्दाने तपासाला जागा ठेवली होती. आपणही निकाल देताना तेवढी जागा ठेवली पाहिजे.