धुक्याच्या काठी – लेखांक ७ : दसऱ्याला सुरू होणारी रब्बी

सॅन फ्रान्सिस्कोचा सनसेट भाग, त्याच्या दक्षिणेला डेली सिटी, पॅसिफिका आणि पुढे हाफ मून बे, या किनारी पट्ट्यात वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन सध्या पडतंय. जून ते ऑगस्ट धुक्यात गेले. वायव्येचे वारे समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, त्याच्या जागी खोलवरचं गार पाणी वर येतं. भर उन्हाळ्यातही ते १२ ते १४ अंशांच्या आसपास असतं. त्यावरून येणारी दमट हवा निवते आणि धुकं धरतं. आत सेंट्रल व्हॅली तापली की तिथली हवा हलकी होऊन वर चढते आणि हे धुकं गोल्डन गेटमधून आत ओढलं जातं. म्हणूनच जुलैतल्या एखाद्या दुपारी सनसेटमध्ये स्वेटर घालावा लागतो आणि तासाभराच्या अंतरावर लिव्हरमोरला ३५ अंशांत लोक घामाघूम होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हॅलीचा ताप उतरतो, वारे मंदावतात, धुकं मागे सरतं. मुंबई-पुण्याची ऑक्टोबर हीट पाऊस परतल्यावरची, आपली इथली धुकं परतल्यावरची.

या आठवड्यात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. या किनाऱ्यावर खरीप नाही. इथे आहे ती रब्बी, आणि ती बहुतेक वर्षभर चालते. फ्रीमाँट-सनीवेलला राहणाऱ्या नातलगांकडून भेंडीची, वांग्याची रोपं आणून एप्रिलमध्ये आपल्या अंगणात लावायची आणि ऑगस्टपर्यंत त्यांची वीतभर उंची बघत बसायचं, हे आपल्यातल्या अनेकांचं दर वर्षी चालतं. दोष त्यांच्या हाताचा नसतो. भेंडीला जमीन ऊबदार लागते, आणि रात्रीचं तापमान साधारण १३ अंशांखाली राहिलं तर टोमॅटोचं फूलसुद्धा फळ न धरता गळून पडतं. इथल्या उन्हाळ्यातल्या कितीतरी रात्री तशाच असतात. उलट मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, मुळा, नवलकोल, मटार, लसूण ही आपली थंडीतली भाजी इथे अशी येते की नाशिकच्या शेतकऱ्यानेही कौतुक करावं. मार्चअखेर तिकडे कोथिंबीर उन्हाने फुलावर जाते, इथे ती मे महिन्यातही पानावर असते. शिवाय इथला पाऊसही रब्बीतच पडतो. वर्षाचा सगळा मिळून तो मुंबईच्या चौथ्या हिश्श्याएवढा, पण बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. म्हणजे आता पेरलं तर पुढचं पाणी बरंचसं आभाळच घालतं.

मात्र उशीर करू नका. थंडीपेक्षा इथे प्रकाशाची अडचण मोठी आहे. डिसेंबरात मुंबईचा दिवस जवळपास ११ तासांचा असतो, इथला साडेनऊ तासांचा. दिवस १० तासांच्या खाली गेला की पालेभाजी मरत नाही, पण वाढायची थांबते. साधारण २० नोव्हेंबर ते २० जानेवारी हा काळ तसा आहे. त्याआधी रोपाने चार-सहा पानं धरलेली असली तर ते तग धरतं, थोडं थोडं तोडायलाही देतं. नोव्हेंबरच्या शेवटी पेरलेली मेथी फेब्रुवारीपर्यंत आहे तेवढीच दिसते.

वाफ्याची जागा ठरवतानाही हेच ध्यानात ठेवायचं. आज दुपारी दक्षिणेच्या कुंपणाची सावली बघाल तर सहा फुटी कुंपणाची ती सहा फुटांच्या आसपास असेल. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो आणि त्याच कुंपणाची सावली ११ फुटांवर जाते. इथली परसं लहान. आज लखलखीत उन्हात असलेला वाफा नाताळात दिवसभर अंधारात जाऊ शकतो. म्हणून दक्षिणेच्या कुंपणापासून किमान ११ फूट मोजा आणि त्याच्या पलीकडे पेरा. तेवढी जागा नसेल तर कुंड्या घ्या आणि उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवा. त्या भिंतीवर ऊन पडतं आणि तिची ऊबही मिळते.

आता मेथी. सनसेटमध्ये राहणारे वाचक सांगतात की आमच्याकडे माती नाहीच, नुसती वाळू आहे. खरं आहे. १८७०च्या दशकात गोल्डन गेट पार्कचं काम सुरू झालं तेव्हा हा सगळा भाग वाळूच्या टेकड्यांचा होता, आणि आजही फावडं मारलं की फिकट वाळू वर येते. पण मुंबईच्या बाजारात ज्या इवल्या इवल्या जुड्या मुळासकट मिळतात, ती समुद्रमेथी वाळूतच होते. मग आपल्या दारची वाळू काय वाईट?

हातभर रुंदीचा पट्टा घ्या किंवा उथळ ट्रे घ्या. दोन भाग वाळूला एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा. किराणा दुकानातली स्वयंपाकाची मेथी चालते. एका वाटीत थोडी रात्रभर भिजवा, सकाळी निथळून दाट फेका, इतकी की दाण्याला दाणा लागेल, आणि वरून वाळूचा अर्धा बोट थर द्या. पाणी झारीने, हलक्या हाताने. धार सोडली तर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. सध्याच्या उबेत चार-पाच दिवसांत मेथी मान वर काढते. तीन आठवड्यांत दोन जाड दलं आणि मधून तीन पानांची पहिली खरी पालवी दिसली की काढणीला आली. मुठीत धरून मुळासकट उपटा, मुळं कापून टाका. धुताना मात्र पातेलं उपडं करू नका. भरपूर पाण्यात मेथी हलवायची आणि वरच्यावर उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्यायची, वाळू तळाशी राहते. तीन-चार पाण्यांनंतर तळ स्वच्छ दिसला की झालं. लसणाची खरपूस फोडणी, मिरची, वरून ओलं खोबरं. हिला जुडीच्या मेथीसारखा कडवटपणा नसतो, म्हणून मीठ घालून पिळायची गरज नाही, आणि झाकण ठेवून शिजवू तर अजिबात नये. दर दहा दिवसांनी एक पट्टा पेरत गेलात तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बाजारातली मेथी घ्यावी लागणार नाही.

बाकीचं थोडक्यात. धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन दलं वेगळी करून पेरा. कोथिंबीर उगवायला दोन आठवडेही लागतात, तेव्हा जमीन उकरून बघू नका. मटाराला जाळीचा आधार लागतो, आणि इथल्या धुकट हवेत त्यावर भुरी हमखास येते. ती पान ओलं न होताही धरते, म्हणून दोन वेलांत अंतर सोडून वारा खेळता ठेवणं हाच उपाय. लसूण या महिन्यात टोचायचा, टोक वर करून, दोन बोटं खोल. गड्डा जूनमध्ये मिळेल. हिरवी पात मात्र नववर्षापासून खुडता येते आणि तिची चटणी बाजरीच्या भाकरीबरोबर करून बघाच. ओल्या वर्षी लसणाच्या पातीवर तांबेरा पडतो, तेव्हा पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला.

पहिला पाऊस झाला की गोगलगाई बाहेर पडतात. तपकिरी शंखाची ही गोगलगाय मूळची इथली नाही. १८५०च्या दशकात फ्रान्सहून खाण्यासाठी आणली आणि ती कॅलिफोर्नियाभर पसरली. एका रात्रीत मुळ्याची सगळी कोवळी रोपं फस्त करते. पाऊस थांबल्यावर रात्री टॉर्च घेऊन निघा आणि हाताने वेचा, याहून खात्रीचं दुसरं काही नाही. दाणेदार औषध वापरायचंच असेल तर आयर्न फॉस्फेटचं घ्या. मेटाल्डिहाइडचं कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेततं.

कढीपत्त्याबद्दल थोडं कळकळीने लिहिते. दिवाळीला लॉस एंजेलिसच्या बहिणीकडून गाडीत घालून रोप आणायचा बेत अनेक घरांत शिजत असतो. कृपा करून आणू नका. एशियन सिट्रस सिलिड नावाचा, जेमतेम तीन मिलिमीटरचा किडा कढीपत्त्यावर राहतो. लिंबू-संत्र्यांचा हुआंगलाँगबिंग हा रोग तोच पसरवतो. किडा कॅलिफोर्नियात २००८ मध्ये सापडला, रोग २०१२ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यातल्या एका घराच्या परसातल्या झाडावर. या रोगावर औषध नाही, झाड जातंच. म्हणून क्वारंटाइन असलेल्या भागातून कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं रोप हलवायला कायद्याने बंदी आहे. आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येक गल्लीत मायर लिंबाचं एक झाड आहे, कमी उन्हातही भरभरून येणारं. एका कुंडीपायी ती सगळी धोक्यात घालायची नाहीत. रोप आपल्याच भागातल्या परवानाधारक नर्सरीतून घ्या. घरी असलेलं रोप रात्री १० अंशांखाली जाऊ लागल्या की आत, दक्षिणेच्या खिडकीशी आणा. थंडीत त्याची पानं पिवळी पडून गळतात. ते झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. त्या वेळी खत देऊ नका, पाणीही वरची माती दोन बोटं सुकल्यावरच. मार्चमध्ये फुटवा दिसेल.

घरातल्या कामांसाठी हाच महिना सोन्याचा. तिकडे वाळवण चैत्र-वैशाखात, इथे आता. आतल्या कोरड्या प्रदेशाकडून समुद्राकडे वारा वाहू लागला की हवा इतकी सुकी होते की पोह्याचे पापड दोन दुपारींत कडकडीत वाळतात. हेच वारे आगीचेही असतात. १९९१च्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्या अशाच वाऱ्यात जळाल्या. हवेत धूर असेल त्या दिवशी काहीच बाहेर घालू नका. बाकीच्या दिवशी दिवाळीची साफसफाई उरकून गाद्या, रजया, कपाटातले कपडे बाहेर काढा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटं तीन बोटं पुढे ओढा. थंड भिंतीवर घरातली वाफ निवते आणि मागे काळी बुरशी धरते, कुबट वास त्याचाच. रेशमी साड्यांना थेट ऊन न दाखवता सावलीत वारा द्या, घडी बदला, मलमलीत गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. एक साधा आर्द्रतामापक आणून ठेवा. आकडा ६०च्या वर राहत असेल तर कुकर लावताना आणि आंघोळीनंतर पंखा चालू ठेवणं भागच आहे.

इडलीच्या पिठाबद्दल तीन पत्रं आली आहेत. पिठाला २७ ते ३० अंशांची ऊब लागते आणि आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी १७ असतात. ओव्हनचा नुसता दिवा लावून पीठ आत ठेवायची युक्ती जुन्या ओव्हनला लागू पडते. काही नव्यांत एलईडी दिवा असतो, त्याला पुरेशी ऊब नसते. त्यापेक्षा इन्स्टंट पॉटमध्ये योगर्टच्या सगळ्यात कमी तापमानावर ठेवा. वर त्याचं नेहमीचं झाकण न लावता काचेचं ठेवा, म्हणजे फुगलेलं पीठ वाफेच्या झडपेत जाणार नाही. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका.

पुढच्या आठवड्यात पहिल्या पावसाआधीची कामं: पन्हाळी, गच्चीवरच्या कुंड्यांचा निचरा आणि फावा बीनची पेरणी.