बाईंना म्हणायचे गाणे : बालवाडीच्या निरोपाचा मागोवा

मध्य प्रदेशात शाळेचे नवे सत्र एक एप्रिलला सुरू होते. त्यामुळे बालाघाटच्या केजी-टूच्या मुलांचा निरोप मार्चमध्येच उरकतो. पाच-सहा वर्षांची मुले पहिलीत जायला निघतात आणि जाण्याआधी आपल्या मॅडमसाठी, दीदींसाठी एक गाणे म्हणतात. ते कोणते असावे हे ठरवायला फेब्रुवारीत बैठक बसते. कोणी गुरुवंदना सुचवते, कोणी सिनेमातले गाणे, कोणी यूट्यूबवरचे इंग्रजी ‘थँक यू’ गाणे. मुलांना मात्र बहुधा कोणी विचारत नाही. हे गाणे निवडण्याची रीत गेल्या शंभर-दीडशे वर्षांत कशी बदलत आली हे पाहिले, तर आज काय निवडावे याचे उत्तरही तिथेच मिळते.

बालशिक्षणात गाणे पहिल्या दिवसापासून आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. पुढे 1844 मध्ये त्यांनी आई आणि मुलाच्या गाण्यांचे, बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. मूल आधी गाण्यातून आणि हातापायांतून शिकते, अक्षरे नंतर येतात, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात पॅटी हिल ही बालवाडीची शिक्षिका आणि तिची बहीण मिल्ड्रेड यांनी 1893 मध्ये बालवाडीच्या गाण्यांचे पुस्तक काढले. त्यात बाईंनी वर्गातल्या मुलांना सकाळी म्हणायचे एक नमस्काराचे गाणे होते. मुलांना जमते की नाही हे वर्गात पाहून बहिणी चाली सोप्या करत. त्या नमस्काराच्या गाण्याची चाल आज जगभर वाढदिवसाला म्हटली जाते. मुलांच्या गळ्यावर पारखलेली चाल किती टिकते, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

शिक्षकांचे आभार मानणाऱ्या निरोपगीताची सर्वांत ठळक परंपरा जपानची. तिथे 1884 च्या शालेय गीतसंग्रहात ‘आओगेबा तोतोशी’ हे गुरुऋणाचे गीत आले आणि पुढच्या अनेक पिढ्यांनी ते शाळा सोडताना म्हटले. ती चाल मूळची 1871 च्या एका अमेरिकी शालेय गीतपुस्तकातली आहे, हे 2011 मध्ये उजेडात आले. चाल परकी असली तरी शब्द आपले होते, म्हणून ते गीत रुजले. पण त्याची भाषा जुनी आणि अवघड. ती मुलांना कळेनाशी झाली, तसे अनेक शाळांनी ते मागे ठेवले. 1991 मध्ये चिचिबू इथल्या एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांनी शब्द लिहिले, संगीताच्या बाईंनी चाल लावली आणि निरोप घेणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांनीच ते नवे गीत गायले. आज ते जपानभर निरोपाच्या दिवशी म्हटले जाते. शिक्षकांनीही मुलांसाठी गावे, हे त्या एका शाळेने करून दाखवले.

आपल्याकडे हा धागा भावनगरपासून सुरू होतो. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. तिथे ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. ताराबाईंचे बालपण इंदूरला गेले, संसार अमरावतीत सुरू झाला. म्हणजे आज मध्य प्रदेश आणि विदर्भ म्हणतो ते दोन्ही मुलुख त्यांच्या ओळखीचे. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही झाली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे या कामाचे सूत्र होते. मुलाच्या तोंडी असलेली बोली, त्याच्या घरचे गाणे, त्याच्या हातातली पाने-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य. या वाटेने जाणाऱ्या बालवाडीत निरोपाचे गाणे शेवटच्या महिन्यात बाहेरून आणावे लागत नाही. वर्षभर म्हटलेल्या गाण्यांतूनच ते निघते.

आता बालाघाटकडे येऊ. हा जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे भाग जोडून तयार झाला. वैनगंगा याच जिल्ह्यातून वाहत खाली गोंदिया-भंडाऱ्याकडे जाते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळात राजधानी नागपूर होती आणि कारभारात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरली, शाळा मात्र हिंदीच्या झाल्या. जिल्ह्यातल्या मराठी घरांत तेव्हापासून ही विभागणी दिसते. आजीच्या मांडीवरचे बडबडगीत मराठीत, शाळेतली प्रार्थना हिंदीत. वारासिवनी, लालबर्रा, कटंगीच्या पट्ट्यात पोवारी बोलणारी घरे आहेत. जनगणनेत पोवारी हिंदीच्या खाली मोजली जाते, पण तिचे मराठीशी असलेले जवळचे नाते कानाला लगेच कळते. बैहर, बिरसा, परसवाड्याकडे गोंड आणि बैगा मुले. त्यांच्या घरची गाणी आणखी वेगळी.

अशा जिल्ह्यात एकाच गाण्याने सगळ्या मुलांना आभार मानायला सांगणे हा मुळातच विचार करण्याचा प्रश्न आहे. पण तो विचार फार काळ झाला नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांमधून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि कोसबादच्या वाटेने आलेली अंगणवाडी सरकारी झाली. पुढे ती गावोगाव पोचली. पोषण आहार, लसीकरण, वजन, नोंदवह्या यांचा भार कार्यकर्ता दीदींवर पडला आणि गाण्याला उरलेला वेळ मिळाला. तरीही जिथे दीदी त्याच गावची, त्याच बोलीची होती, तिथे मुले मोकळी गात राहिली. त्या मुलांचा निरोप समारंभ कधी झाला नसेल, पण दीदींचे गाणे त्यांच्या जिभेवर घरापर्यंत गेले.

शहरात चित्र निराळे झाले. इंग्रजी माध्यमाच्या शिशुशाळा वाढल्या, त्यांच्यामागून काळा गाऊन आणि चौकोनी टोपी आली, मंच, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे आले. गाणे निवडण्याची कसोटी बदलली ती इथे. आधी प्रश्न असे, मुलांना काय येते? आता प्रश्न झाला, व्हिडिओत काय चांगले दिसेल? तयार ट्रॅक लावून त्यावर ओठ हलवण्याची पद्धत आली. ट्रॅकची पट्टी मोठ्या गायिकेच्या गळ्यासाठी बांधलेली असते आणि वेग ठरलेला असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा आवाज पाच-सहा सुरांतच सुखाने फिरतो. पट्टी न पेलल्याने मूल एकतर ओरडते किंवा गप्प बसते. मग आभार मानतो तो स्पीकर, आणि मूल हातवारे करत उभे राहते.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षीचे बहुतेक निरोप झालेच नाहीत. पुढचे वर्षही मोबाईलच्या पडद्यावर गेले. बाईंना प्रत्यक्ष न भेटताच मुले पहिलीत पोचली. त्या काळात एक गोष्ट पालकांच्या लक्षात आली. घरात, मंचाशिवाय, ट्रॅकशिवाय मूल आपणहून बाईंचे गाणे म्हणत होते, कारण त्याला बाईंची आठवण येत होती. आभाराचे खरे गाणे हेच.

धोरणाची भाषाही आता याच दिशेने वळली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकसंध मानला. ऑक्टोबर 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात खेळ, गोष्ट, गाणे आणि घरची भाषा यांना मध्यवर्ती जागा मिळाली. शंभर वर्षांपूर्वी भावनगरात आणि पुढे बोर्डीत जे करून दाखवले गेले, ते आता सरकारी कागदावर आले आहे. कागदावरून ते वर्गात आणायचे काम शिक्षिका आणि पालकांचे आहे, आणि निरोपाचे गाणे ही त्याची छोटी पण चांगली परीक्षा आहे.

मग निवडावे काय? या सगळ्या वाटचालीतून चार गोष्टी हाती लागतात. पहिली, गाणे मुलांना आधीपासून येणारे असावे. वर्षभर रोज म्हटलेल्या अभिनयगीतातले एखादे कडवे बदलून त्यात बाईंचे नाव घालावे. विदर्भातली भुलाबाईची गाणी अशीच चालतात. चाल एक, ध्रुवपद एक, आणि मधली नावे घरागणिक बदलतात. सीमेअलीकडच्या मराठी घरांत ती रीत माहीत असलेली आजी नक्की सापडेल. दुसरी, ध्रुवपद छोटे आणि पुन्हा पुन्हा येणारे असावे, म्हणजे लाजरे मूलही तिथे सामील होते. पट्टी बाईंनी आधी मुलांच्या आवाजाला लावून घ्यावी, ट्रॅक टाळावा, पेटी किंवा टाळ्या पुरतात. तिसरी, शब्दांत बाईंनी खरोखर केलेले काम यावे. बुटाचे बंद बांधले, रडताना जवळ घेतले, डबा उघडून दिला, पेन्सिल धरायला शिकवले. गुरू हा ईश्वर आहे हे मुलाला कळत नाही, डबा उघडून देणाऱ्या बाई कळतात. आणि डबा गरम करणाऱ्या, हात धुवून देणाऱ्या सहायिकेचे नावही त्याच गाण्यात यावे. चौथी, एक कडवे घरच्या बोलीचे असावे. हिंदी गाण्यात एक कडवे पोवारीत, एक मराठीत, बैहरकडे एक गोंडीत. ज्या मुलाची बोली मंचावर ऐकू येते, ते मूल पहिलीच्या वर्गात ताठ मानेने जाते.

शेवटी चिचिबूच्या शिक्षकांकडून एक गोष्ट घ्यावी. मुलांचे गाणे झाले की बाईंनीही मुलांसाठी दोन ओळी गाव्यात. वर्षभर एकमेकांना दिले-घेतले ते दोघांनी बोलून दाखवावे. बालाघाटच्या, गोंदियाच्या, कुठल्याही गावच्या पालकांना आणि शिक्षिकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या मार्चच्या निरोपासाठी बैठक बसेल तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, मुलांना वर्तुळात बसवा आणि विचारा, ‘बाईंसाठी कोणते गाणे म्हणायचे?’ ते जे आपणहून म्हणायला लागतील, तेच निवडा.